समुद्राकाठची पाटी

आयटीतला पैसा घरात खेळायला लागला, तशी नवऱ्याने आणि त्याच्या कोथरूडच्या मित्रांनी कोकणात समुद्राला लागून कॉटेजेस बांधली. समोरच्या वाळूवर गावातल्या कोळणी पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवायच्या. तो वास आमच्या नाजूक नाकांना सोसेना.

सासऱ्यांनी सुबक अक्षरात पाटी रंगवली: ‘येथे मासळी वाळत घालू नये. दुपारी एक ते चार आवाज करू नये. सूचना पुन्हा दिली जाणार नाही.’ शिवाय सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत तक्रार केली. बायका टोपल्या उचलून निघून गेल्या आणि आमच्यात पेढे वाटले गेले.

वाळू मोकळी पडली आणि एका बिल्डरच्या नजरेत भरली. तिथे कोणी बसतच नाही म्हटल्यावर त्याला अडवणार कोण? आज तिथे तीन मजली हॉटेल आहे. आमच्या व्हरांड्यातून समुद्र दिसत नाही, हॉटेलचं स्वयंपाकघर दिसतं. दिवसभर तळलेल्या माशांचा वास येतो.

मागच्या महिन्यात आम्ही सासऱ्यांना पाण्यापर्यंत घेऊन निघालो. हॉटेलच्या फाटकावर पाटी होती: ‘कॉटेजवाल्यांनी येथून जाऊ नये. कारण विचारू नये.’

सासऱ्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

“काय उर्मट माणसं आहेत!” म्हणाले.