आधीच्या मालकाची पक्कड

आखातातल्या शुवैखच्या गॅरेजमधला तो मेकॅनिक रत्नागिरीकडचा निघाला, तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्या जुन्या टूरिंग बाइकचा मागचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर कडक-मऊ करायचा नॉब वाळूने जाम झाला होता. नॉबवरचे ओरखडे बघून त्याने विचारलं, “याला पक्कड कोणी लावली?”

“आधीच्या मालकाने,” मी ठोकून दिलं.

मग तासभर त्याने त्या मालकाचा उद्धार केला. फटीत तेल सोडायचा, हातोडीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचा आणि दर ठोक्याला म्हणायचा, “काय गाढव माणूस!” मीही मान डोलवायचो. तेल मुरेपर्यंत त्याने मला चहा पाजला, पण नॉबला हात लावू दिला नाही. शेवटी त्याने नॉब आधी केसभर उलटा फिरवला, मग सुलटा. सुटला!

निघताना सीटखालचं माझं टूलकिट त्याने उघडलं. पकडीच्या दातांत नॉबचा लाल रंग अडकलेला होता. त्याने ती फडक्याने पुसून अदबीने माझ्या हातात दिली.

“आधीचे मालक भेटले तर सांगा,” तो म्हणाला, “मी बोललो ते मनावर घेऊ नका म्हणावं.”