चपलांच्या रॅकवरचा पाय

माझा डावा पाय गुडघ्याखाली नकली आहे. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, ती हाडाला अशी घासायची, की अमरावतीच्या स्टँडवर उतरून दहा पावलं टाकली तरी कळ मस्तकात जायची. पाय बनवणारा म्हणाला, "हा पाय घालूनच सीटी स्कॅन काढा. वाटी नेमकी कुठे रुतते ते दिसेल, तेवढी जागा मोकळी करून देतो." चिठ्ठीतही त्यानं तसंच लिहिलं.

स्कॅनच्या दारावर पाटी होती : पादत्राणे बाहेर काढावीत. पाटीखाली शिपाई.

"काका, बूट काढा."

"निघत नाही भाऊ, नकली पाय हाये. तो घालूनच फोटो काढाचा हाये."

"मंग पायासकट काढा. कावून वाद घालून राह्यले? डॉक्टरबी चपला काढूनच आत जाते."

मी आवाज चढवला, चिठ्ठी नाचवली. त्यानं ती शांतपणे पूर्ण वाचली आणि पुन्हा पाटीकडे बोट केलं. शेवटी माझा पाय बुटासकट रॅकवर, कुणाच्या तरी सँडलशेजारी उभा राहिला आणि मी भिंत धरून लंगडी घालत आत गेलो.

दोन दिवसांनी सहीशिक्क्याचा रिपोर्ट मिळाला : 'कृत्रिम पायाचा हाडावर कुठेही दाब आढळला नाही.'

आधी रिपोर्ट फाडावासा वाटला. पण त्यात खोटं काय होतं? पाय रॅकवर होता तेवढा वेळ मला खरंच कुठे दुखलं नव्हतं.