एका बाहीची कड हिरवी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींतली नव्हे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही असं धरून पुढे जायची सवय आहे. ग्रुपवर कुणी भुताचा किस्सा टाकला की पहिली खोचक कॉमेंट माझीच असते... तेव्हा आज माझी टर उडवायची असेल तर खुशाल उडवा, फक्त आधी पूर्ण वाचा.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनाला राहतो. नवी वसाहत, सगळी घरं एका साच्यातली – राखाडी छप्पर, राखाडी गॅरेज, राखाडी दार, पुढे हातभर गवत. आमच्या मागच्या बाजूला तेव्हा मोकळे प्लॉट होते, नुसत्या खुंट्या ठोकलेले, आणि त्यांच्यावरून वारा सुसाट यायचा. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाबा साताऱ्याहून आले तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीतून बघत म्हणाले, "इथे माणसं राहतात की नुसत्या गाड्या?"

बाबा भूगोलाचे मास्तर होते. आई गेल्यापासून एकटे राहायचे. त्यांनी आता कायमचं आमच्याकडेच राहावं असं मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, मनापासून वाटत होतं. त्यांनाही ते हळूहळू पटायला लागलं होतं. दुपारी चक्कर मारून यायचे, फोन मात्र रोज घरीच विसरायचे.

जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. मी घरूनच काम करत होते. मीटिंग संपवून बाहेर येते तर बाबांचा पत्ता नाही, आणि त्यांचं जॅकेट खुर्चीवर. मी आणि निखिल गाडी घेऊन गल्ली न् गल्ली फिरलो. सगळ्या सारख्याच. शेवटी घरी परतलो, तर बाबा पायरीवर बसलेले. अगदी शांत. अंगात कुणाचा तरी हाताने विणलेला तपकिरी स्वेटर. डाव्या बाहीची कड तेवढी हिरवी.

"अगं, वाट चुकलो," ते म्हणाले. "एका बाईंनी आत बोलावलं. वेलचीचा चहा दिला. कुडकुडत होतो, तर हा स्वेटरच अंगात घालायला लावला. पंजाबी असाव्यात. मी म्हटलं, बहनजी, हमारे मुलगी का घर सापडता नहीं. खूप हसल्या. मग दारात येऊन रस्ता दाखवला."

"कुठलं घर, बाबा?"

"निळं दार. जवळच आहे."

दुसऱ्या दिवशी स्वेटर परत द्यायला आम्ही दोघं निघालो. बाबा पुढे, मी मागे. कुठेही न अडखळता ते चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. समोर मोकळा प्लॉट होता. गवत, खुंट्या आणि वारा.

"इथेच होतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे बाबा घाबरलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

आम्ही सगळी वसाहत पालथी घातली. निळं दार कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काय काय आठवून सांगायला लावलं. सगळं बरोबर आलं. पण बाबांचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. बाहेर जाणं बंद झालं. खिडकीशी बसून आसपासच्या रस्त्यांची नावं पुटपुटत राहायचे, परीक्षेला बसल्यासारखे. ते बघून मला रडू यायचं.

"मला साताऱ्याला जाऊ दे," एक दिवस म्हणाले. "तिथे चुकलो तर कुणीही घरी आणून सोडेल." जाताना स्वेटर घडी करून माझ्या हातात दिला. "दुसऱ्याची वस्तू आहे. त्या बाई भेटल्या की दे." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढे त्या प्लॉटवर काँक्रीट पडलं, मग लाकडी सांगाडा उभा राहिला, मग छप्पर. राखाडीच. एका शनिवारी दुपारी तिथून चालत येत होते आणि पाय थबकले. दार निळं होतं.

घरी जाऊन स्वेटर पिशवीत घातला आणि बेल वाजवली. पांढऱ्या वेणीच्या एका बाईंनी दार उघडलं. परमजीत आंटी. मुलाकडे राहायला नुकत्याच लुधियानाहून आलेल्या.

"आओ बेटा, बाहर ठंड है."

वेलचीचा चहा आला. आता स्वेटर काढून द्यायचा, असं मी मनात म्हणतेय तोच त्यांनी विणकाम हातात घेतलं. तपकिरी लोकर. पिशवीतल्या स्वेटरचीच वीण. जवळजवळ होत आलेला स्वेटर, फक्त एक बाही अर्धी. मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"किसके लिए, आंटी?"

"पता नहीं. खाली हाथ बैठा नहीं जाता. बेटा तो पहनता नहीं." त्यांनी उरलेला गुंडा दाखवला. "ऊन कम पड़ेगी. ये रंग यहाँ मिलता नहीं."

टोपलीत एक हिरवा गुंडा पडला होता.

"हरा लगा दीजिए," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

त्यांनी तो गुंडा बाहीशी धरला, मान कलती करून बघितलं. "हाँ, चलेगा."

पिशवी न उघडताच मी परत आले आणि बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग बाबा म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं ना गं?"

"होतं, बाबा."

याचा अर्थ काय, मला विचारू नका. निखिल म्हणतो, योगायोग. मग माझ्या कपाटातला स्वेटर कुठून आला, असं विचारलं की तो चहा करायला उठतो. मला स्वतःला काहीही सुचलेलं नाही, आणि आता शोधायचंही सोडून दिलंय.

बाबा येत्या जुलैत परत येतायत. सामान काय काय आणताय, म्हणून विचारलं तर म्हणाले, जॅकेट आणत नाही.