एकशे चोवीसचा कोनाडा

शेजारच्या भाटात, माडांमधल्या मोकळ्या जागेत, आज सकाळी नव्या घराच्या आखणीचा चुना पडला. बेळगावकडचे दोघे गवंडी दोरी ताणून उभे होते, तिसरा मोबाइलवरच्या नकाशात बघून आकडे सांगत होता आणि चौथा मुठीतला चुना दोरीवरून सोडत पुढे सरकत होता. दव अजून वाळलं नव्हतं. ओल्या मातीवर चुना पडला की एक किंचित तिखट, घशाला लागणारा वास सुटतो. तो खिडकीतून आत आला आणि माझा चहा तसाच राहिला. चुन्याच्या वासानं मला बाबा आठवतात, आणि बाबांच्या पाठोपाठ अमोनियाचा वास. पहिला त्यांच्या विद्येचा, दुसरा माझ्या. या दोन वासांच्या मधे मांद्र्यातलं एक घर उभं आहे, आणि त्या घराविषयी मनाची समजूत कशी घालावी ते मला अजून जमलेलं नाही.

बाबा हळर्णचे मेस्त. चिऱ्याची घरं बांधायचे, तीही कागदाशिवाय. जागेवरून दोन-तीनदा चालायचे, वारा कुठून येतो, पावसाचं पाणी कुठून धावेल ते बघायचे आणि मग दोरी मागायचे. चुन्याची रेघ ओढून नारळ फोडला की घर झालं, चिरे चढवणं ही नंतरची हमाली, असं त्यांचं मत. एक गोष्ट मात्र ते कधी चुकवत नसत. दाराशेजारच्या दिव्याच्या कोनाड्यासाठी ते घरच्या बाईला समोर उभी करायचे, जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत सुतळी धरायचे आणि गाठ मारून खिशात ठेवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "दिवो ती लायतली. मागीर उंचाय म्हजी कित्याक?" दिवा लावणार ती, मग उंची माझी कशाला, एवढाच त्यांचा हिशेब. तालुक्यातल्या कितीतरी बायकांची उंची त्यांच्या खिशात असे, असं आई चिडवायची.

पुढे दिवस बदलले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो हा काळ. भिंतीभिंतींवर भाषेची भांडणं रंगवलेली असत. आमच्या घरात बोलणं कोकणी, आरती मराठी आणि नवीन आलेला कागद इंग्रजी, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच आम्हाला कळत नसे. परवान्यासाठी नकाशा हवा, असं जो तो म्हणू लागला आणि बाबांची कामं हळूहळू सुटत गेली. त्यांनी त्यावर आपल्या परीनं तोड काढली. मला डिचोलीला इमारतींचे नकाशे काढायच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला घातलं. "आतां कागद आमच्या घरांतच जातलो," नकाशा आता घरातच तयार होणार, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

मला ते शिक्षण आवडलं, हे कबूल करते. मोठा लाकडी फळा, त्यावर सरकणारी टी-पट्टी, अर्धपारदर्शक कागदावर शाईची रेघ. रेघ चुकली तर ब्लेडनं इतकी हलकी खरवडायची की कागदाला कळू नये. भिंतीची रेघ जाड, दाराची बारीक, दिसत नाही त्याची तुटक. अमोनियाच्या यंत्रातून निळी प्रत बाहेर आली की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते वासाचं की आनंदाचं याची मी फार चौकशी केली नाही.

दुसऱ्या वर्षी मांद्र्याच्या एका तारवट्यानं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसानं, बाबांना घर सांगितलं. त्याची रजा संपत आली होती आणि घर त्याच्या आईसाठी होतं. बाबांनी म्हातारीच्या खांद्याची सुतळी आणून माझ्या हातात दिली. मी मोजली: एकशे चोवीस सेंटीमीटर. आमचे शिक्षक म्हणाले, मापं पाचाच्या पटीत घे, एकशे पंचवीस कर. आयुष्यात शिक्षकांचं मी एवढं एकच ऐकलं नाही. नकाशात एकशे चोवीसच लिहिलं. उजवीकडच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी सही केली, आणि बाबांनी त्याच आठवड्यात चुना टाकून नारळ फोडला.

परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनानं नकाशा दोन्ही हातांनी धरून पाहिला. "काडला बरो गो बाय," तो खरंच कौतुकानं म्हणाला, "पूण तुजी सय चलची ना. इंजिनियराची जाय." आखणाऱ्याची सही चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर रेघांची जाडी शिकत होते, सहीचा धडा अजून यायचा होता. तारवट्याला थांबायला वेळ नव्हता. तो म्हापशाच्या एका इंजिनियरकडे गेला, त्यानं आपला ठेकेदार आणला, ठेकेदारानं आपली माणसं. बाबांनी टाकलेली रेघ तशीच होती, तिच्यावरूनच पाया खणला गेला. मी एकदा तिथं गेले तेव्हा सिमेंटच्या पोत्यावर नकाशा पसरला होता. सही दुसऱ्याची होती, अक्षर दुसऱ्याचं. आणि कोनाड्याशेजारी आकडा होता, एकशे चोवीस.

मी काय करायला हवं होतं? भांडायला हवं होतं, असं आज कुणीही सांगेल. मी एकोणीस वर्षांची होते आणि समोरचा कागद कायदेशीर होता. घरी येऊन बाबांना एवढंच सांगितलं की घर आपल्याच नकाशानं चाललंय. त्यानंतर त्यांनी घर बांधलं नाही. मांद्र्यावरून जाणाऱ्या हरमलच्या बसमधून जाताना मात्र ते मुद्दाम खिडकीची जागा धरायचे.

शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं, "त्या कागदार तुजें नांव आसा मगो?" मी म्हटलं, "आसा." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मग जालें."

गेल्या महिन्यात काही पाहुण्यांना घेऊन मी त्या घरी राहिले. म्हातारी कधीच गेली, घराचं आता गेस्टहाउस झालंय. कोनाड्यात स्कूटरच्या चाव्या ठेवतात आणि उंच परदेशी माणसं वाकून आपली चावी शोधतात. काउंटरवरचा माणूस कोनाडा एवढा खाली असल्याला हसत म्हणाला, "इतको सकयल कोणें काडला, कोण जाणा." बाबांपुढे खोटं बोलताना मला क्षणाचाही वेळ लागला नव्हता. इथं नुसतं 'मी' म्हणायचं होतं. माझा हात कोनाड्यावर होता, तळाचा चिरा गार होता, आणि मी त्याला विचारलं, नाश्ता किती वाजता मिळतो.