आक्काच्या हातातलं लाकूड

सुमे, जवळ ये जरा. फोनवर कसं "ठेवते मावशी" म्हणून पळतेस, तसं हे वाचताना करू नकोस. तीन वर्षं झाली, वडगावात पाऊल नाही तुझं. शोभतं का गं?

तुझी आई, आमची सगळ्या गल्लीची आक्का, कधी कुणावर आवाज चढवत नसे. तिचा राग बसून निघायचा. कुणी बायकोला मारलं की ही आपलं हातमागाच्या सुताच्या कांड्या भरायचं चाक काखेत मारून त्याच्या दारात जायची आणि मुकाट सूत भरत बसायची. मागाचं कामही बुडत नसे, आणि त्या बाप्याला घराबाहेर पडायला वाटही राहत नसे. उन्हं कलली की तो म्हणायचा, "आक्का, ऊठ की आता. चुकलं." ती म्हणायची, "मला काय सांगतोस? आत जाऊन तिला सांग."

गल्लीच्या तोंडाला दारूचं दुकान झालं तेव्हा मीच म्हटलं, बाटल्या फोडू. आक्का म्हणाली, "फोडलेल्या तो उद्या परत आणंल. ह्यांची लाज गेलीया, ती आणायची हाय." मग आम्ही अकरा जणी चाकं घेऊन दुकानाच्या पायऱ्यांवर. आमचेच दीर, भाचे यायचे आणि आम्हाला बघून चपला ओढत माघारी जायचे. एक जण म्हणाला, "काकू, घसा लई कोरडा पडलाय गं." आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला, "घे की, गार हाय." काय हसलो आम्ही! शेवटी तालुक्याच्या साहेबांनी निरोप धाडला, सोमवारी येतो, दुकान हलवायचं बघतो.

शनिवारी आपल्या गल्लीतला मारुती आला, कुठून तरी पिऊनच. त्यानं लाथ घातली आणि आक्काच्या चाकाचे दोन तुकडे झाले. "ऱ्हाऊ दे, लाकूडच हाय," ती म्हणाली. मी राहू दिलं नाही, सुमे. त्याच चाकाचा तुटका पाय उचलला आणि त्याच्या कपाळात घातला.

रक्त बघून बायका ओरडत पळाल्या, कुणी मारलं ते बघायला कुणी थांबली नाही. आक्कानं एका हातानं त्याच्या कपाळावर पदर दाबला आणि दुसऱ्या हातानं माझ्या मुठीतलं लाकूड काढून घेतलं. "आपलाच हाय गं त्यो," एवढंच बोलली. पोलीस आला तेव्हा लाकूड तिच्या हातात होतं. सीमेवरचं गाव आपलं, कुणी मारलं म्हणून त्यानं कन्नडमध्ये विचारलं. माझ्या सुनेचे दिवस भरलेले होते, आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या हातनं झालं." मारुतीला शुद्ध नव्हती, पुढं बरा झाला तरी त्याला काही आठवलं नाही. आणि मी गप्प उभी राहिले.

साहेब सोमवारी आलेच नाहीत. मारामारी करणाऱ्या बायकांचं काय ऐकायचं, म्हणे. गल्ली फिदीफिदी हसली, "दुसऱ्याच्या दारात बसून शहाणपण शिकवायची, शेवटी लाकूडच उचललं की!" बायकांनी आपापली चाकं घरी नेली. त्यावरनं तू फोनवर तिला काय काय बोललीस, ते मी शेजारी बसून ऐकलं. ती नुसतं "व्हय गं, व्हय" म्हणत होती. मी खरं सांगते म्हटलं, तर म्हणाली, "नगं. तुझी सून वल्ली बाळंतीण हाय." पुढं सून उठली, पोर चालायला लागलं, तरी मी सांगितलं नाही. आता ते कारण उरलेलं नाही.

नंतर काही दिवस ती एकटीच पायरीवर बसली, चाक नव्हतं तरी. आधी तिच्या समोरून जायला बाप्ये लाजायचे. आता पाय ओलांडून आत जायला लागले. सहाव्या दिवशी ती घरी आली ती आलीच.

दुकानानं शेजारचा गाळाही घेतलाय. आक्का अंथरुणाला आहे. मी पेज भरवते तर "तुला किती तरास" म्हणते, आणि मला तिथं बसवत नाही. माणसं ओळखते अजून, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. तिनं कुणाला मारलं नाही, हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे. माझ्यावर तोंड सोडायचं ते इथं येऊन सोड. लवकर ये, बाई. सकाळच्या गाडीनं ये.