भालाफेकपटूचा नामंजूर अर्ज

अर्ज तिसऱ्याच दिवशी नामंजूर होऊन परत आला. आखातातील रुवी येथे माझ्या अर्जलेखनाच्या टेबलासमोर सकपाळ फोरमन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय मास्तर? तुमचा अर्ज कधी पडत नाही म्हणालात ना?"

सोबत ओलावीसाहेब होते. मूळचे फिनलंडचे, एके काळी तिथले भालाफेकीतले चॅम्पियन. आता गाला येथील क्रेन कंपनीत सकपाळांचे मॅनेजर. अल् घुब्रा येथील मोकळ्या मैदानावर दर शुक्रवारी सकाळी मुलांना भालाफेक शिकविण्याची परवानगी त्यांना हवी होती. सकपाळांची कन्या त्यांची पहिली शिष्या. मैदान न मिळाल्यास तिचे शिक्षण तिथेच थांबणार होते.

अर्जदार जितका दीन दाखवावा तितका अधिकारी लवकर द्रवतो, ही आमच्या पेशातील जुनी रीत. तदनुसार मी लिहिले होते: 'अर्जदाराचे कोपर निकामी असून शस्त्रक्रियेने तो खचला आहे.' त्यावर शेरा आला: आजारी माणसाने विश्रांती घ्यावी.

"मी खचलेलो नाही," ओलावीसाहेब इंग्रजीत म्हणाले.

"सर, अर्जाची ती पद्धत आहे."

"घडलं तेवढंच लिहा. बाविसाव्या वर्षी चॅम्पियन झालो. पुढच्याच वर्षी कोपर गेलं. ऑपरेशन झालं. दोन वर्षं भाला हातात धरला नाही. परतलो तेव्हा नववा आलो. मग चौथा. मग पुन्हा पहिला."

"नववा कशाला लिहायचा, सर? कमीपणा दिसतो."

"तो गाळलात तर मुलांना मी काय शिकवणार?"

सकपाळ हसले. "लिवा मास्तर, लिवा. आमची पोरगी तर अजून शेवटचीच येते."

एकही विशेषण न वापरता मी अर्धे पान लिहिले. असा मसुदा माझ्या हातून प्रथमच उतरला. शेवटी सुरक्षेचा मजकूर घातला: फेकणाऱ्याच्या मागे दोरी धरली जाईल, बाकीची मुले दोरीमागे थांबतील, सर्वांचे फेकून झाल्याशिवाय कोणी भाला आणावयास जाणार नाही. अरबी भाषांतर करवून मी स्वतः त्या दोघांबरोबर नगरपालिकेच्या कार्यालयात गेलो.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. "दोरी कोण धरणार?"

"मी," सकपाळ म्हणाले.

"खलास, झालं काम. शुक्रवार, सकाळी सहा ते आठ." त्यांनी शिक्का मारला.

पहिल्या शुक्रवारी सात मुले आली. महिन्याभरात दोरी लांबवावी लागली.

तेव्हापासून अर्जदार खरोखरच दीन आहे काय, हे मी लेखणी उचलण्यापूर्वी त्यालाच विचारून घेतो. बहुतेक जण नाही म्हणतात.