गोठा म्हणून नोंदलेलं घर

गवंडीमामांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. स्वतःचं बांधलं ते साठीला टेकल्यावर, टेकडीच्या उतारावर, उरल्यासुरल्या विटांत. मामा म्हणायचे, ओळंबा लावून बघा, भिंतीत केसाचा फरक सापडला तर माझं नाव बदला. फक्त परवानगी घ्यायची राहिली.

पवनचक्कीवाल्या कंपनीची बाई घरं नोंदवत आली. आता घर पाडणार, असं धरून मामांनी शेजाऱ्याच्या दोन शेळ्या आणून दाराशी बांधल्या आणि ठोकून दिलं, हा गोठा आहे. मामी आतून म्हणाली, "मग मी कोण, तिसरी शेळी?" बाई हसली, तिनं गोठा लिहिलं आणि मामांनी ऐटीत सही ठोकली.

चक्की उभारताना घरापासून पाचशे मीटर सोडावे लागतात, गोठ्यापासून नाही. हे मामांना कोण सांगणार? दोनशे पावलांवर चक्की उभी राहिली.

मामी शिवणकाम करते. सकाळी ऊन चढलं की पात्यांची सावली मशीनवरून फिरते. सुई दिसते, जाते, पुन्हा दिसते. दोनदा तिनं बोटातच सुई घालून घेतली. दुपारपर्यंत डोकं धरून बसते. गिऱ्हाइकं कापड परत न्यायला लागली, तेव्हा मामा माझ्याकडे, गावातल्या मोर्चेवाल्याकडे, आले.

मी अर्ज केले, तहसील कचेरीत टेबल आपटलं, शेवटी तिथल्या साहेबाला टेकडीवर आणलंच. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तो मशीनपाशी मिनिटभर उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "घर म्हणून नोंदवलं तर सकाळी चक्की थांबवायला लावतो. पण विनापरवाना घर पाडायची नोटीसही मलाच काढावी लागेल."

मी म्हटलं, परवानगी आता द्या. तर म्हणे, चक्कीच्या एवढ्या जवळ घराला परवानगी मिळत नाही.

"काय लिहू, मामा?" साहेबानं विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं रस्त्यावर घसा फोडणारा मी, पण हातातला अर्ज घडी घालून खिशात ठेवला. मामांनी भिंतीवर तळहात टेकला. म्हणाले, "गोठाच राहू द्या, साहेब."

साहेब गेल्यावर मामीनं मामांना मशीनची एक बाजू धरायला सांगितली. दोघांनी ते मोरीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि भरदिवसा दिवा लावला.